कुणकेश्वरच्या जत्रेची रात्र: तंबू, खोली आणि खळं

देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला महाशिवरात्रीची जत्रा भरते, तेव्हा आसपासच्या गावांत रिकामी खोली शोधून सापडत नाही. अशाच एका महाशिवरात्रीला संध्याकाळी सहाच्या सुमारास एक मामा आणि त्याची भाची आपापल्या मोटरसायकलींवरून त्या गर्दीतून बाहेर पडले. सूर्य बुडायला पाऊण तास होता आणि रात्रीचा मुक्काम ठरलेला नव्हता. भाचीच्या गाडीवर तंबू होता. मामाला खोली हवी होती. त्यानंतर त्या रात्री जे घडलं, ते मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं, आणि पुढे एका अमावास्येला भरतीच्या वेळी ती जागाही जाऊन पाहिली. दोघांची आणि ज्यांनी आसरा दिला त्या घराची नावं इथे देत नाही.

तंबू की खोली हा वाद मोटरसायकलवाल्यांमध्ये बहुतेक वेळा स्वभावाचा म्हणून घातला जातो. एकाला मोकळं आकाश आवडतं, दुसऱ्याला गरम पाणी. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र आवडीनिवडीच्या आधी तिथी येते, जमिनीचा मालक येतो, ऋतू येतो आणि घड्याळ येतं. या प्रकरणात ही चारही एकाच संध्याकाळी समोर उभी राहिली, म्हणून ते तपशिलात लिहितो आहे.

दोघांची बाजू

मामा कोल्हापूरचा, पन्नाशी ओलांडलेला, बँकेत नोकरी. बुलेट चालवतो आणि गगनबावड्याने किंवा फोंडा घाटाने वर्षानुवर्षं कोकणात उतरतो आहे. त्याचा नियम साधा: पाच वाजेपर्यंत खोली, गाडी खिडकीतून दिसेल अशी उभी, रात्री आंघोळ आणि सकाळी उजाडायच्या आत चहा. "गाडी चालवायची तर झोप पुरी हवी. झोपेत पैसे वाचवायचे नाहीत," असं तो म्हणतो. ही ऐषआरामाची गोष्ट नाही. सागरी रस्त्यावर दर दोन किलोमीटरला वळण, अरुंद पूल, गावातली शाळा, रस्त्यात बसलेली गुरं आणि समोरून भरधाव येणारा डंपर असतो. अर्धवट झोपलेल्या माणसाने असा रस्ता दिवसभर चालवू नये, हे मला पूर्ण पटतं.

भाची पुण्याची, सत्ताविशीची, हिमालयन ही मोटरसायकल चालवते. लडाख आणि स्पितीत तिने तंबूत रात्री काढल्या आहेत. खोलीबद्दलची तिची तक्रार पैशांपुरती नाही. "मामा, एकदा बुकिंग केलं की दुपारपासून आपण रस्ता बघतच नाही, बुकिंग बघतो," असं ती त्याला आदल्याच दिवशी म्हणाली होती. शिवाय एका लॉजवर मामा-भाचीची आडनावं वेगळी म्हणून व्यवस्थापकाने केलेली चौकशी तिला झोंबली होती. शेवटी दोन खोल्या घ्याव्या लागल्या आणि खर्च दुप्पट झाला. बायका एकट्या किंवा अशा नात्यात प्रवास करतात तेव्हा हे घडतं, आणि खोलीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते हिशेबात धरायला हवं.

दोघांनी तडजोड केली होती: एक रात्र खोली, एक रात्र तंबू. पावसजवळ गणेशगुळ्याला खोलीची रात्र झाली. आता पाळी तंबूची होती. भाचीच्या गाडीवर दोन माणसांचा तंबू, दोन मॅट, दोन स्लीपिंग बॅग, गॅसची छोटी शेगडी, दोन भांडी, घडीच्या दोन खुर्च्या आणि पाण्याची पाच लिटरची पिशवी एवढा पसारा होता. त्यातला बराचसा मागच्या सीटवर उंच बांधलेला. वजन असं उंचावर आणि मागे गेलं की पुढचं चाक हलकं पडतं. उताराच्या वळणावर, विशेषतः सैल खडीत, ते लगेच जाणवतं.

त्या दिवशी सकाळी पूर्णगड, आडिवरे, जैतापूर असं करत ते विजयदुर्गला आले. किल्ल्यात रेंगाळले. जामसंडे-देवगडहून तारामुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वरला पोचले, तेव्हा दुपार कलली होती. मामाचा उपास होता आणि दर्शन घ्यायचंच होतं. रांग अंदाजापेक्षा बरीच लांब निघाली. गाड्या लांब लावाव्या लागल्या होत्या, तिथवर चालत परत येईपर्यंत सहा वाजले.

सहा वाजता समोर काय काय होतं

मामाने फोन लावायला सुरुवात केली. कुणकेश्वरात जागा नाही, मिठबावला नाही, आचऱ्याला एका ठिकाणी "बघून सांगतो" असं उत्तर. मालवणात ओळखीच्या ठिकाणी खोली होती, पण मालवण अजून तास-दीड तासावर, तेही जत्रेच्या गर्दीतून. एसटीच्या जादा गाड्या, रिक्षा, चालत निघालेली माणसं आणि समोरून येणारे डोळ्यांवर मारणारे दिवे. दिवसभर उपाशी, आणि सकाळपासून गाडीवर. मामाने स्वतःच तो पर्याय बाजूला सारला. हा मला त्याच्या अनुभवाचा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. खोलीचा आग्रह धरणारी माणसं नेमक्या अशाच वेळी "आता एवढंच उरलंय" म्हणत अंधारात पुढे निघतात, आणि खोलीची सगळी सुरक्षितता त्या शेवटच्या तासात गमावून बसतात.

दुसरा पर्याय सड्यावर जाण्याचा. कोकणात किनाऱ्यालगत चढ चढून गेलं की वर जांभ्या दगडाचं उघडं पठार असतं, तोच सडा. सपाट, मोकळा, वारा भरपूर, समुद्र दिसतो. तंबूवाल्यांना तो पाहता क्षणी आवडतो. पण कातळात खुंट्या जात नाहीत, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गचा कातळ म्हणजे फुरशाचं घर. फुरसं लहान असतं, कातळाच्या रंगात मिसळून जातं आणि रात्री बाहेर पडतं. अंधारात तिथे चप्पल घालून लाकडं-दगड गोळा करत फिरणं मूर्खपणाचं आहे. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी आणि वणवा, आणि सड्याच्या कडेलाच आंबा-काजूच्या बागा. दहा-पंधरा वर्षं पोरांसारखी वाढवलेली कलमं एका दुपारीत जळालेली ज्याने पाहिली आहेत, तो या दिवसांत सड्यावर शेगडी पेटवणाऱ्या पाहुण्याला माफ करणार नाही.

तिसरा पर्याय बागेचा. हापूसच्या कलमाखाली गार सावली, सपाट माती. पण त्या दिवसांत झाडावर फळ धरलेलं असतं आणि देवगडात बागांना राखण असते. रात्री बॅटऱ्या घेऊन राखणदार फिरतात, त्यात नेपाळहून हंगामाला आलेले बरेच. फवारणी चालू असते. न विचारता तिथे तंबू ठोकणारा हा त्यांच्या लेखी चोरच, आणि त्यांचं काही चुकत नाही.

चौथा पर्याय किनारा. भाचीचा कौल किनाऱ्याला होता.

वाळू, तिथी आणि होड्या

कुणकेश्वरच्या पुढे मिठबाव, तांबळडेगच्या बाजूला लांब पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, आहेत. सव्वासहाला ते पुळणीवर उतरले तेव्हा वाळू खूप रुंद दिसत होती, लाटा लांब होत्या. भाची अनुभवी होती. तिने ओल्या वाळूच्या वर, कोरड्या जागी, सुरूच्या झाडांच्या पुढे जागा निवडली. डोंगरात नदीकाठी तंबू मारताना हाच अंदाज चालतो: पाणी आता जिथे आहे त्याच्या बरंच वर. समुद्राला मात्र आताचं पाणी बघून उपयोग नाही, चार तासांनंतरचं बघावं लागतं.

महाशिवरात्र म्हणजे माघातली कृष्ण चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी अमावास्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि भरती सर्वात उंच चढते, ओहोटी सर्वात खोल जाते. हेच उधाण. अष्टमीच्या आसपास हा चढउतार सर्वात कमी, तो भांग. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्दशीला चौदाची पाऊणपट, म्हणजे साडेदहा. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूला चांगला जुळतो. दक्षिणेला भरती थोडी आधी येते, म्हणून देवगडकडे दहाच्या आसपास धरावी. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं असतात, त्यामुळे ओहोटी भरतीच्या सहा-सव्वासहा तास आधी, म्हणजे दुपारी चारच्या सुमारास झालेली असणार.

आता सव्वासहाची रुंद वाळू पुन्हा पाहा. पाणी चढायला लागून दोन तास झाले होते, पण ते चढताना फारसं दिसलेलं नव्हतं, कारण भरती एकसारख्या वेगाने येत नाही. सहा तासांत जेवढं पाणी चढायचं त्याचा बारावा भाग पहिल्या तासात, दोन भाग दुसऱ्यात, तीन-तीन भाग तिसऱ्या-चौथ्या तासात, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांत येतं. त्या दिवशी ते दोन तास सहा ते आठ होते, नेमके तंबू उभारून शेगडीवर चहा ठेवायचे. उधाणाला या भागात चढउतार सुमारे दोन मीटरचा धरला आणि पुळणीचा उतार चाळीस मीटरला एक मीटर धरला, तर ऐंशी मीटर वाळू पाण्याखाली जाते. आणि तो चढ रात्री, चंद्र नसलेल्या अंधारात.

तिथे एक वयस्कर मच्छीमार रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं, जाळं आवरत होता. त्याने थोडा वेळ हिचं काम पाहिलं आणि म्हणाला, "हय मारू नको गो बाय. आज चवदस, फाल्यां अवस. राती पाणी होडयेच्या मुळाक येतला."

मग भाचीने होड्यांकडे पाहिलं. रापणीच्या होड्या तिने निवडलेल्या जागेच्या कितीतरी वर, जवळजवळ सुरूच्या मुळांपर्यंत ओढलेल्या होत्या. इतर दिवशी त्या एवढ्या वर नेत नाहीत, नेणं हे अंगमेहनतीचं काम आहे. माणसांनी ती मेहनत केली आहे म्हणजे पाणी कुठवर येणार हे त्यांनी आधीच ठरवलेलं आहे. अनोळखी किनाऱ्यावर भरतीचं कोष्टक मोबाइलवर जरूर बघा, पण आधी होड्या कुठवर ओढल्या आहेत ते बघा. नंतर अमावास्येला मी तिथे गेलो तेव्हा पाणी होड्यांच्या तळापासून काही पावलांवर थांबलं होतं. तिच्या तंबूची जागा पाण्यात होती.

मागे सुरूच्या बनात सरकता आलं नसतं का? किनाऱ्यावरची सुरूची बनं बहुतेक सरकारने वाळू धरून ठेवायला लावलेली आहेत, आणि त्यातली पुष्कळशी वनखात्याकडे आहेत. राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि सुरूच्या वाळलेल्या पानांचा थर फार लवकर पेट घेतो. आणखी एक गोष्ट, जी बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात क्वचित येते. हिवाळ्याच्या शेवटापर्यंत कोकणातल्या अनेक पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, अगदी भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत, म्हणजे तंबूला जी जागा चांगली वाटते तिथेच. उजेड दिसला तर मादी माघारी फिरते आणि पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे चालू लागतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे. पुळणीवर गाडी घालणं तर त्याहून वाईट, वाळूखालची घरटी चाकाखाली जातात.

खळं आणि पडवी

त्या मच्छीमाराने माडांच्या पलीकडचं घर दाखवलं: "थय इचारा." मामा पुढे झाला. दारात पन्नाशीच्या काकी होत्या. मामाने खोली मिळेल का विचारलं. घर माणसांनी भरलेलं होतं, मुंबईचे चाकरमानी जत्रेला आले होते.

"खोली नाय हां. सगळे मुंबैवाले इलेहत," काकी म्हणाल्या.

इथे संभाषण संपलं असतं. तेवढ्यात भाची म्हणाली, "काकी, खोली नको. आमच्याकडे तंबू आहे. खळ्यात मारला तर चालेल?"

खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. काकींनी गाडीवरच्या ओझ्याकडे पाहिलं. "तंबू हाडलास? मगे मारा मां खळ्यात. मामांका पडवेर खाट घालतंय."

या प्रकरणाचा गाभा मला या दोन वाक्यांत दिसतो. मामाकडे फक्त खोलीची मागणी असती तर दोघं अंधारात मालवणच्या रस्त्याला लागले असते. भाची एकटीच्या हिमतीवर पुळणीवर राहिली असती तर आठ-नऊ वाजता भिजलेलं सामान ओढत वर आली असती. तंबूमुळे त्यांची मागणी हलकी झाली. भरलेल्या घरालाही सात फूट रिकामी जमीन देणं जड जात नाही, गादी-पांघरूण-संडास-आंघोळ यांची सोय करणं मात्र जड जातं. तंबू रानात नेण्यासाठी बाळगायचा अशी आपली समजूत आहे. कोकणात त्याचा सर्वात चांगला उपयोग कुणाच्या तरी अंगणात होतो.

आणि मामाशिवायही ते जमलं नसतं. कुठल्या गावचे, कुणाकडे जाणार, जत्रेत दर्शन झालं का, देव कोणता, हे सगळं बोलणं त्याने पहिल्या पाच मिनिटांत केलं होतं. तंबूचा प्रश्न आला तेव्हा ते दोघं अनोळखी उरले नव्हते. संध्याकाळी उजेडात, हेल्मेट काढून, गाडी दारापासून लांब बंद करून, आधी माणसाशी आणि मग जागेबद्दल बोलणं ही मामाची पद्धत मी स्वतः उचलली आहे.

रात्री साडेनवाच्या सुमारास गावातली चार-पाच मुलं बॅटऱ्या घेऊन आली. बाहेरगावच्या नंबरांच्या दोन गाड्या गावात कुठे थांबल्या आहेत ते बघायला. काकी पडवीतूनच म्हणाल्या, "आमचे पावणे आसत." मुलं थोडं बोलून गेली. याला उगाच चौकशी म्हणू नये. १९९३ साली मुंबईतल्या स्फोटांसाठीची स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडी आणि दिघीला उतरली होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली आणि तिच्यात एके-४७ रायफली सापडल्या. किनाऱ्यावरच्या गावांना रात्री पुळणीवर हलणाऱ्या दिव्याकडे लक्ष ठेवायला शिकवलेलं आहे, आणि ते लक्ष ठेवतात हे चांगलंच आहे. पुळणीवरच्या तंबूत हीच मुलं येऊन उभी राहिली असती तर भाचीला त्यांची भीती वाटली असती आणि त्यांना तिचा संशय आला असता. खळ्यात दोन्ही गोष्टी एका वाक्याने मिटल्या.

जेवणाचा प्रश्न आलाच नाही. घराचाच उपास होता. उकडलेली रताळी आणि कणगरं, ओलं खोबरं, ताक. भाचीचा उपास नव्हता, पण तिने तेच खाल्लं आणि शेगडी पिशवीतून काढली नाही.

रात्र कशी गेली

खळं शेणाने सारवलेलं, तळाशी घट्ट माती. खुंट्या ठोकून जमीन उकरण्यापेक्षा भाचीने तंबूच्या दोऱ्या चिऱ्यांना बांधल्या. काकींनी तिला माडाखालून हलवलं, कारण रात्री सुकलेला नारळ किंवा अख्खी झावळी खाली येते. गाडीच्या साईड स्टँडखाली मामाने चपटा दगड ठेवला. ओलसर मातीत स्टँड हळूहळू रुतत जातो आणि गाडी पहाटे आडवी पडते.

तंबूची खरी परीक्षा पहाटे झाली. समुद्राकाठी या दिवसांत हवेत दमटपणा भरपूर असतो, रात्र थोडी गार झाली की दव पडतं. बाहेरचं कापड निथळत होतं, आणि आत श्वासाची वाफ साचून ओल आली होती. लडाखच्या कोरड्या हवेत सकाळी तंबू झटकला की झाला. इथे तो उन्हात वाळवल्याशिवाय गुंडाळता येत नाही. ओला गुंडाळला तर वजन वाढतं आणि दुसऱ्या रात्री कुबट वास येतो. मामा पडवीत कौलांखाली कोरडा झोपला. तक्रार डासांची, पण ती तंबूतल्या माणसाला नव्हती.

एका बाबतीत मात्र मी तंबूच्या बाजूने बोलेन. कोकणात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला मण्यारीचा धोका असतो. ती रात्री फिरते आणि झोपलेल्याला चावते. चावा कित्येकदा जाणवतही नाही, आणि पोटदुखी किंवा पापण्या जड होण्यापासून लक्षणं सुरू होतात. चेन पूर्ण बंद केलेला तंबू हे त्यावरचं चांगलं संरक्षण आहे. खाटही तशीच. सतरंजी टाकून उघड्यावर झोपणं, मग ते पडवीत असो की पुळणीवर, यात बसत नाही. बूट आणि हेल्मेट रात्री उलटे करून उंच ठेवावेत. विंचूही कोकणात आहे, त्याचा दंश एके काळी इथे मुलांचे जीव घेत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते मृत्यू कसे टाळता येतात हे दाखवून दिलं. काहीही चावल्याचा संशय आला तर मांत्रिक, चीर, दोरी यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करून जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं.

तासांचा हिशेब

मामा साडेसहाला तयार होता. भाची पावणेदहाला. तंबू वाळायला नऊ वाजले, मग सामान बांधणं. दरम्यान उपास सोडायला घावणे आणि चटणी झाली, त्यामुळे कुणी वैतागलं नाही, पण दिवसाचे सर्वात चांगले तीन तास गेले. कोकणात उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत रस्ता गार असतो, वाहतूक कमी असते, ऊन डोळ्यांवर येत नाही. अकराला जाकिटात घाम धरायला लागतो. संध्याकाळीही तेच. तंबू मारायचा तर जागा उजेडात शोधावी लागते, म्हणजे चारला थांबायला हवं. खोलीवाला साडेपाचला थांबला तरी चालतं.

म्हणून पैशांचा हिशेब मला दुय्यम वाटतो. रोज पुढच्या गावी जायचं असेल तर तंबू दिवसाचे चार-साडेचार तास खातो, आणि हे तास गाडी चालवायचे उत्तम तास असतात. एकाच ठिकाणी दोन-तीन रात्री राहायचं असेल तर गणित उलटतं: तंबू एकदाच उभारायचा, तो दिवसभर वाळत राहतो, सामान आत ठेवून मोकळ्या गाडीने विजयदुर्ग, आचरा, मालवण हिंडता येतं. भाचीला किनाऱ्याची पहाट अनुभवायची होती, आणि तिची ती इच्छा अशा मुक्कामातच पुरी होते. रोजच्या पळापळीत तंबूवाल्याची पहाट कापड पुसण्यात जाते.

आणि जून ते सप्टेंबर तंबूचा विचारच नको. कोकणातला पाऊस एखादी सर येऊन जाणारा नाही, दिवसेंदिवस लागून राहणारा आहे. खळ्यात पाणी वाहतं, साप कोरडी जागा शोधत घराजवळ येतात. त्या दिवसांत घर किंवा खोली, आणि ओले कपडे वाळवायला पंखा.

पैशांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण यात माणसं अवघडतात. काकींनी जागेचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. मामाने आदल्या संध्याकाळीच "जेवणाचे आम्ही देणार" असं सांगून ठेवलं होतं, म्हणून सकाळी ओढाताण झाली नाही. जेवण-नाश्त्याचे त्याने गावातल्या खानावळीच्या दराने दिले आणि वर कोकम आणि कुळथाचं पीठ विकत घेतलं. फुकट राहून निघून जाणं आणि हातात नोटा कोंबून नात्याचा व्यवहार करून टाकणं, दोन्ही टाळता येतं, फक्त ते आदल्या दिवशी बोलावं लागतं. राज्य सरकारची निवास-न्याहारी योजना आणि गावोगावच्या "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशा पाट्या याच गोष्टीचं रीतसर रूप आहेत. जत्रा किंवा जोडसुट्टी नसेल तेव्हा अशा घरातली खोली हाच मला कोकणातला सर्वात चांगला मुक्काम वाटतो. पैसा गावात राहतो, आणि सकाळी पुढच्या रस्त्याची खरी हकिकत कळते: कुठला पूल बंद आहे, कुठे खडी टाकली आहे.

पुढे ते आचऱ्यावरून गेले. तिथल्या गावपळणीबद्दल काकींनीच सांगितलं होतं. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळं गाव गुरं-कोंबड्यांसह वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्या बांधून राहतं. भाचीला हे ऐकून फार आनंद झाला. मला त्यात हे दिसतं की उघड्यावर राहण्याची या भागाला सवय आहे, आणि ते राहणं जागा ठरवून, शेजारी धरून, पाण्याची सोय पाहून आणि देवाला विचारून होतं.

त्यानंतर काय बदललं

एक आड एक रात्रीचा करार दोघांनी तिथेच मोडला. त्याऐवजी रोज दुपारी चारला थांबून चहा घ्यायचा आणि तेव्हा ठरवायचं, असं झालं. ठरवताना चार गोष्टी पाहायच्या: आज तिथी कोणती, पुढच्या गावी जत्रा किंवा लग्नसराईची गर्दी आहे का, उद्या इथेच थांबायचं आहे का, आणि अंगात किती जोर उरला आहे. मालवणात त्यांनी खोली घेतली. भोगव्याला एका माडाच्या बागेत, मालकाला विचारून, दोन रात्री तंबू. वेंगुर्ल्याला पुन्हा खोली, कारण उकाडा वाढला होता आणि मामाची पाठ धरली होती.

भाचीने मालवणहून खुर्च्या, शेगडी, भांडी आणि एक स्लीपिंग बॅग कुरिअरने पुण्याला पाठवून दिली. तंबू, एक मॅट, चादर, डोक्याला लावायची बॅटरी, पाण्याची पिशवी आणि दोऱ्या ठेवल्या. आता सगळं मागच्या चाकाजवळ खाली, दोन बाजूंच्या पिशव्यांत मावलं. मामाने स्वतःसाठी मच्छरदाणी घेतली, चार काठ्यांना किंवा खाटेच्या पायांना बांधता येईल अशी. तंबू घेणार का विचारलं तर म्हणतो, "पोरीकडे आहे की." भाचीचं म्हणणं असं की पुढच्या वेळी मामा सोबत नसेल तेव्हा दारात जाऊन विचारायचं कसं, हे तिला अजून शिकायचं आहे. त्यासाठी ती दिवाळीनंतर एकटीच आचरा ते रेडी जाणार आहे, अष्टमीच्या आसपास, भांग पाहून.